पाचशे यार्डांवरचा एल्क : रायफल, स्कोप आणि मधला वारा

व्हिडिओ बहुतेक सारखेच असतात. दरीपलीकडच्या उतारावर ठिपक्याएवढं जनावर, अलीकडे पोटावर झोपलेला शिकारी, एक आवाज आणि क्षणभरात ठिपका आडवा. खाली रायफलचं नाव, स्कोपचं, म्हणजे तिच्यावर बसवलेल्या नेमाच्या दुर्बिणीचं नाव आणि दोन्हींची किंमत. बघणाऱ्याची समजूत होते की ही सगळी करामत सामानाची. पैसे टाकले की झालं. कोलोरॅडोत किंवा युटामध्ये नोकरीला गेलेल्या मराठी माणसाला ऑक्टोबरात ऑफिसातला एखादा सहकारी रजा टाकून ‘एल्कला’, म्हणजे तिकडच्या मोठ्या हरणाच्या शिकारीला, निघालेला दिसतो, आणि जेवणाच्या टेबलावर मॅग्नम, मिल, ट्विस्ट, झीरो असले शब्द पडत राहतात. त्या शब्दांची उकल इथे करू.

भारतात याचा काही उपयोग नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडे शिकार बंद आहे. पीक नासवणाऱ्या रानडुकरांबाबतची परवानगी हा वेगळा, सरकारी आदेशांचा विषय. अमेरिकेत मात्र एल्कची शिकार परवाना, ठरलेला हंगाम आणि ठरलेली संख्या या चौकटीत चालते. सर्वांत जास्त एल्क कोलोरॅडोत आहेत, अडीच-तीन लाखांच्या घरात.

एल्क म्हणजे केवढा?

आपलं सांबर डोळ्यांसमोर आणा, तेही ताडोबातलं भरलेलं, मोठ्या शिंगांचं. रॉकी पर्वतातला पूर्ण वाढलेला नर एल्क साधारण सव्वातीनशे किलोंचा असतो, मादी सव्वादोनशेच्या आसपास. हाडं जाड, कातडी जाड आणि जीव चिवट. पोटात गोळी बसली तर हे जनावर दोन डोंगर ओलांडून जातं आणि मग सापडत नाही. म्हणून नेम धरायचा तो पुढच्या पायामागे, हृदय आणि फुप्फुसं असतात त्या जागी. ही जागा साधारण ३५ ते ४० सेंटिमीटर व्यासाची, मोठ्या परातीएवढी. पुढचे सगळे हिशेब या परातीशी ताडून बघायचे आहेत. मध्यापासून कडेपर्यंत १८-२० सेंटिमीटर, एवढीच चूक माफ.

हे सगळं घडतं अडीच ते सव्वातीन हजार मीटर उंचीवर. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर आहे. म्हणजे कळसूबाईच्या जवळपास दुप्पट उंचीवर, दम लागलेल्या छातीनं, पाठीवर ओझं असताना नेम धरायचा. रायफल निवडताना दुकानातल्या काउंटरवर हे आठवत नाही, ही पहिली अडचण.

काडतूस, गोळी आणि जुना तोळा

बोलताना आपण सगळ्यालाच ‘गोळी’ म्हणतो. इथे मात्र फरक करायला हवा. काडतूस म्हणजे पितळी नळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारा प्रायमर, आत दारू आणि टोकाला बसवलेली गोळी. उडून जाते ती फक्त गोळी.

गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. हे माप मराठी माणसाला परकं वाटतं, पण तसं ते नाही. इंग्रजी अमलात ठरवलेला जुना तोळा, ११.६६ ग्रॅमचा, बरोबर १८० ग्रेनचा होता. एल्कसाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेलेली ‘३०-०६’ या काडतुसातली १८० ग्रेनची गोळी म्हणजे शब्दशः एक तोळ्याची गोळी. अंतर यार्डात मोजतात, आणि यार्ड म्हणजे नऊवारीतला वार. ९१ सेंटिमीटरांहून जरासा जास्त.

गोळी खाली का पडते?

नळीतून बाहेर पडल्याच्या क्षणापासून गोळी खाली पडू लागते, हातातून सुटलेल्या लिंबासारखी. फरक इतकाच की पडता पडता ती सेकंदाला नऊशे मीटर पुढेही जात असते. शिवाय हवा तिला सतत मागे ओढते. वेग कमी होत जातो, पुढचं अंतर कापायला जास्त वेळ लागतो, आणि जास्त वेळ म्हणजे जास्त पडणं. म्हणून अंतर दुप्पट झालं की पडणं दुपटीहून बरंच जास्त होतं.

एक खरं काडतूस घेऊ. ‘७ मिमी पीआरसी’ हे २०२२ साली बाजारात आलेलं काडतूस, १७५ ग्रेनची लांबट गोळी, नळीच्या तोंडाशी वेग सेकंदाला सुमारे ९१४ मीटर. रायफल २०० यार्डांवर ‘झीरो’ केली आहे, म्हणजे त्या अंतरावर गोळी नेमक्या नेमाच्या जागी लागते असं जुळवून ठेवलं आहे. मग समुद्रसपाटीच्या हवेत साधारण असं होतं :

१०० यार्ड : नेमापेक्षा साडेतीन सेंमी वर
३०० यार्ड : १६ सेंमी खाली
४०० यार्ड : ४६ सेंमी खाली
५०० यार्ड : ९२ सेंमी खाली
६०० यार्ड : दीड मीटरहून थोडं जास्त खाली

तीनशेपर्यंत गोळी परातीत राहते. चारशेला ती बाहेर गेली. पाचशेला ती जनावराच्या पोटाखालून मातीत. उंचावर हवा विरळ असल्यानं हे आकडे थोडे सुधारतात, पण चित्र तेच.

ही अडचण आता जवळजवळ सुटलेली आहे. लेझरचा अंतरमापक यार्डभराच्या चुकीत अंतर सांगतो, मोबाईलमधलं ॲप उंची आणि तापमान धरून किती खाली पडेल ते सांगतं, स्कोपची चकती तेवढी फिरवली की झालं. उतारावरून वर किंवा खाली मारायचं असेल तर गुरुत्वाकर्षण फक्त आडव्या अंतराइतकं काम करतं. ३० अंशांच्या चढावर ५०० यार्ड मोजले तर हिशेब ४३३चा धरायचा, आणि चांगले अंतरमापक हेही स्वतःच करून देतात. अंतरमापकावर ‘२,००० यार्ड’ लिहिलेलं असलं तरी ते चमकदार पाटीसाठी. केसाळ, मातकट जनावरावर निम्म्याच्या आसपास धरा.

अंदाजानं मात्र चालत नाही. साडेपाचशेला असलेलं जनावर पाचशेला आहे असं समजून चकती फिरवली, तर गोळी २० सेंटिमीटर खाली जाते. परातीच्या कडेवर, किंवा बाहेर.

मिल आणि क्लिक

स्कोपच्या चकतीवर बारीक खाचा असतात. एक खाच फिरली की ‘टक्’ आवाज होतो, तोच क्लिक. क्लिक कोनात मोजतात आणि कोनाची दोन मापं चालतात. एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग. १०० मीटरवर २.९ सेंटिमीटर. मिल म्हणजे १०० मीटरवर १० सेंटिमीटर, आणि त्याचा एक क्लिक म्हणजे १०० मीटरवर एक सेंटिमीटर.

अमेरिकन शिकारी इंच आणि यार्डात वाढलेला असल्यानं एमओएच्या बाजूनं हिरीरीनं भांडतो. मीटर-सेंटिमीटरमध्ये शिकलेल्या माणसानं त्या वादात न पडता सरळ मिल घ्यावा. पाचशे यार्डांवरचे ९२ सेंटिमीटर म्हणजे २ मिल, २० क्लिक. तीनशेला ६, चारशेला १२ किंवा १३, सहाशेला २८. चार आकडे, चिकटपट्टीवर लिहून दस्त्याला लावा. डोंगरात मोबाईल थंडीनं बंद पडतो, चिकटपट्टी पडत नाही.

मग अडतं कुठे? वाऱ्यावर

संक्रांतीला गच्चीवर उभं राहून पतंग उडवलेल्या कुणालाही हे समजावं लागणार नाही. गच्चीत वारा पडलेला असतो, वर पतंग फडफडत असतो, आणि मधल्या उंचीवर तिसराच झोत मांजाला पोट पाडतो. गोळीचंही तेच, फक्त आडवं.

ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा, म्हणजे झाडाची पानं आणि बारीक डहाळ्या हलत राहतील एवढा, वरच्याच गोळीला ३०० यार्डांवर १० सेंटिमीटर बाजूला नेतो. पाचशेवर २८ ते ३० सेंटिमीटर. या मागचं कारण गमतीचं आहे. वारा गोळीला ढकलतो म्हणण्यापेक्षा, हवेच्या अडथळ्यानं गोळी जेवढी ‘उशिरा’ पोचते तेवढ्या उशिराइतकी ती वाहत जाते. हवाच नसती तर ५०० यार्डांना अर्धा सेकंद लागला असता, प्रत्यक्षात ०.५६ सेकंद लागतो. सगळा घोळ त्या मधल्या ०.०६ सेकंदाचा.

आता परात आठवा. वारा १६चा आहे असं समजून तुम्ही तेवढं बाजूला धरलंत आणि तो प्रत्यक्षात ८चा निघाला. गोळी १४-१५ सेंटिमीटर बाजूला गेली. माफ असलेल्या १८-२० सेंटिमीटरांपैकी एवढे एकाच चुकीत संपले. रायफल स्वतः एक एमओएची असेल, म्हणजे शंभर यार्डांवर तिच्या गोळ्या २.७ सेंटिमीटरच्या वर्तुळात पडत असतील, तर पाचशेवर ते वर्तुळ १३ सेंटिमीटरचं होतं; मध्यापासून साडेसहा. पंधरा आणि साडेसहा मिळून साडेएकवीस. परातीबाहेर. आणि यात तुमचा हात, श्वास, अंतर यांची एकही चूक धरलेली नाही.

लेझर जनावरापर्यंतचं अंतर मोजतो, वारा मोजत नाही. हातात धरायचं वायुमापक तुम्ही उभे आहात तिथला वारा सांगतं, दरीच्या मध्यावरचा नाही. सकाळी ऊन चढलं की दरीतली हवा वर सरकते, संध्याकाळी खाली उतरते, आणि धारेवर पश्चिमेचा वारा स्वतंत्रच चालू असतो. गवत, पाचोळा, स्कोपमधून दिसणारी उन्हाची झळ यांवरून अंदाज बांधायला शिकणं एवढाच उपाय, आणि त्याला हंगामच्या हंगाम लागतात.

२०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवणारे आपले कोल्हापूर जिल्ह्यातले स्वप्निल कुसाळे ज्या प्रकारात खेळतात, तिथे दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. अवघ्या पन्नास मीटरांच्या उघड्या रेंजवरही वाऱ्यासाठी छोटे झेंडे लावलेले असतात. तिथे पन्नास मीटरला झेंडे लागतात. दरीत पाचशे यार्डांवर कुणी झेंडे लावून ठेवत नाही.

मग रायफल कोणती?

वरचा हिशेब पटला असेल तर निवड सोपी होते. रायफल अशी हवी की जिच्यातून तुम्ही वर्षभर सराव कराल. बाकी गुण नंतर.

कायद्याची किमान अट आधी बघा. कोलोरॅडोत एल्कसाठी नळीचा व्यास किमान ६ मिलिमीटर, गोळी पसरणारी आणि किमान ८५ ग्रेनची, आणि १०० यार्डांवर १,००० फूट-पाउंड ऊर्जा लागते. फूट-पाउंड म्हणजे आघाताच्या जोराचं माप. ही अट फार खालची आहे. शिकाऱ्यांचा जुना ठोकताळा एल्कसाठी जनावरापाशी पोचताना १,५०० फूट-पाउंड असा आहे. ठोकताळाच तो, निसर्गनियम नाही, पण उपयोगी आहे.

त्या ठोकताळ्यावर तीन प्रकार ताडून बघू. ‘६.५ क्रीडमूर’ हे २००७ सालचं, धक्का फार कमी असलेलं, स्वस्त काडतूस. नेमबाजीला उत्तम. पण १४३ ग्रेनची गोळी समुद्रसपाटीला पाचशे यार्डांवर पोचेपर्यंत १,३०० फूट-पाउंडांच्या आसपास येते. साडेतीनशेपर्यंत एल्कला ठीक, त्यापुढे नाही. ‘७ मिमी पीआरसी’ पाचशेवर अजून २,१०० राखून असतं. ‘३०० विंचेस्टर मॅग्नम’ (मॅग्नम म्हणजे जास्त दारूचं, जोरकस काडतूस) १९६३ पासून आहे, १८० ते २०० ग्रेनच्या गोळ्या मारतं, कोणत्याही लहान गावातल्या दुकानात काडतुसं मिळतात. फक्त खांदा झिणझिणतो.

धक्क्याचा मुद्दा मर्दुमकीचा नाही. क्रीडमूरच्या दुप्पट धक्का ३०० मॅग्नमचा असतो, आणि शरीर तो लक्षात ठेवतं. चाप दाबण्याच्या क्षणी डोळे मिटतात, खांदा पुढे येतो, नळी खाली झुकते. स्वतःला हे कळत नाही. तपासायची रीत अशी : सोबतच्या माणसाला काडतुसं भरायला सांगा आणि त्यानं मध्येच, न सांगता, एखादं बिनदारूचं डमी काडतूस घालावं. चाप ओढल्यावर ‘खट्’ एवढाच आवाज येईल आणि नळीनं मारलेली डुबकी लख्ख दिसेल. पाचपैकी दोनदा डुबकी दिसली तर मोठं काडतूस तुमच्या उपयोगाचं नाही, त्याच्या डब्यावर काहीही छापलेलं असो.

पहिली रायफल घेणाऱ्यानं ‘७ मिमी पीआरसी’ किंवा जुनं ‘७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम’ घ्यावं, आणि धक्का सोसवत नसेल तर ‘३०८ विंचेस्टर’ घेऊन अंतर कमी करावं, असा आमचा कौल. मझल ब्रेक नावाचं छिद्रांचं तोंड नळीला लावलं की धक्का बराच कमी होतो, पण आवाज बाजूला आणि मागे फेकला जातो. कानात बोळे असल्याशिवाय ती रायफल एकदाही चालवू नये. बऱ्याच राज्यांत सायलेन्सर कायदेशीर आहे आणि तो धक्का व आवाज दोन्ही कमी करतो, मात्र पुढे वजन आणि लांबी वाढते.

वजनाचं म्हणाल तर तीन किलोंच्या आतली पिसासारखी रायफल डोंगर चढायला सुखाची आणि नेम धरायला त्रासाची. छातीच्या ठोक्यानंही हलते. स्कोपसकट चार ते साडेचार किलो ही मधली वाट.

नळीतल्या ‘ट्विस्ट’कडे मात्र नीट बघा. नळीच्या आत मळसूत्री खाचा असतात, त्या गोळीला फिरवतात. भोवरा जोरात फिरला तर टोकावर उभा राहतो, मंदावला की डुलतो, आडवा पडतो. लांबट गोळीला उभं राहायला जास्त फिरकी लागते. ‘१:८’ म्हणजे आठ इंचांत एक फेरा. ‘७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम’च्या जुन्या रायफलींत बहुधा नऊ, साडेनऊ इंचांत एक फेरा असतो, म्हणून १७५-१८० ग्रेनच्या आजच्या लांबलचक गोळ्या त्यांत नीट स्थिर होत नाहीत. नवी काडतुसं का निघाली याचं अर्धं उत्तर इथे आहे. मामांची जुनी रायफल चांगलीच आहे, फक्त तिला तिच्या काळची, १५०-१६० ग्रेनची गोळी द्या.

गोळीच्या आतली गोष्ट

शिकारीची गोळी लागल्यावर छत्रीसारखी उमलायला हवी. त्यासाठी किमान वेग लागतो : शिशाच्या गाभ्याच्या बऱ्याच गोळ्यांना सेकंदाला साडेपाचशे मीटर, पूर्ण तांब्याच्या गोळीला साधारण सहाशे. त्याखाली वेग गेला की गोळी सुईसारखी आरपार जाते आणि जनावर जखमी होऊन निघून जातं. लांब पल्ल्याची खरी मर्यादा कधीकधी ऊर्जेपेक्षा इथेच येते. उलट बाजूही आहे. मऊ, पातळ कवचाची गोळी साठ यार्डांवर, प्रचंड वेगात, खांद्याच्या हाडावर फुटून तुकडे होते. जंगलात साठ यार्डांवर एल्क समोर येतोही. म्हणून कवच गाभ्याला चिकटवलेली ‘बॉन्डेड’ गोळी ही आमची पसंती. हवेतून जाताना ती थोडी कमी गुळगुळीत असेल, पण दोन्ही टोकांना काम करते.

तांब्याच्या गोळ्यांमागे आणखी एक कारण आहे. शिशाचे कण जनावराच्या आतड्यांत राहतात, ते खाऊन कॉन्डर गिधाडं मरतात. कॅलिफोर्नियानं १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिसं पूर्ण बंद केलं. डायक्लोफिनॅकनं आपली गिधाडं गेली तशीच ही गोष्ट, औषधाऐवजी शिसं.

स्कोपवर पैसे, पण कशासाठी?

लोक मोठेपणाच्या आकड्याला भुलतात. ‘३-१५×४४’ याचा अर्थ जनावर तीनपट ते पंधरापट जवळ दिसेल आणि पुढची काच ४४ मिलिमीटरची आहे. पाचशे यार्डांवर १२ पट पुरे होतं. २५ पटीचा स्कोप घेतलात तर दाट झाडीत पन्नास यार्डांवरचा एल्क शोधताना काचेत नुसती तपकिरी लोकर दिसेल, कुठला भाग ते कळणार नाही. खालचा आकडा वरच्याइतकाच महत्त्वाचा : तीन किंवा चार.

४४ला १५नं भागलं तर २.९ येतात. एवढ्या मिलिमीटरचा प्रकाशाचा झोत डोळ्यात येतो. कोलोरॅडोत सूर्योदयाआधी आणि सूर्यास्तानंतर अर्धा तास शिकारीला मुभा आहे आणि एल्क नेमका तेव्हाच उघड्यावर येतो. अंधुक उजेडात बाहुली सहा-सात मिलिमीटरपर्यंत उघडते, मग २.९चा झोत अपुरा पडतो. मोठेपण सातवर आणा, झोत सहाच्या पुढे जातो, चित्र उजळतं. स्कोप बदलायची गरज नाही, मोठेपणाचं कडं फिरवायचं आहे.

काचेपेक्षा महाग भाग असतो चकतीमागची यंत्रणा. वीस क्लिक फिरवले तर बरोबर वीसच सरकले पाहिजेत, आणि परत आणल्यावर मूळ जागी आले पाहिजेत. स्वस्त स्कोप इथेच दगा देतो. तपासणी घरबसल्या होत नाही. १०० मीटर अंतर फितीनं मोजून घ्या, उंच कागदावर गवंड्याचा ओळंबा सोडून सरळ उभी रेघ मारा. तळाशी नेम धरून तीन गोळ्या, मग ५ मिल वर फिरवून त्याच जागी नेम धरून आणखी तीन. दोन पुंजक्यांत बरोबर ५० सेंटिमीटर हवेत. ४७ आले तर तुमचा स्कोप शंभराला चौऱ्याण्णव देतो. ॲपमध्ये तो आकडा भरा, किंवा स्कोप परत करा. पुंजके रेघेपासून तिरके सरकत गेले तर स्कोप वाकडा बसलाय.

आणखी दोन गोष्टी मागून घ्या. ‘झीरो स्टॉप’, म्हणजे चकती उलट फिरवली की झीरोवर अडणारा थांबा. गडबडीत एक पूर्ण फेरा चुकण्याचा प्रकार यानं टळतो. आणि बाजूच्या, वाऱ्याच्या चकतीवर टोपण. उघडी असेल तर पाठपिशवीला घासून फिरते आणि कुणाला पत्ता लागत नाही.

जाळीच्या, म्हणजे स्कोपमध्ये दिसणाऱ्या नेमाच्या रेघा मोठेपणाबरोबर मोठ्या होणाऱ्या हव्यात की नकोत, यावर दुकानदार अर्धा तास बोलेल. पहिल्या प्रकारात रेघांची मापं कोणत्याही पटीवर खरी राहतात, पण चार पटीवर त्या केसासारख्या बारीक होतात. दुसऱ्या प्रकारात त्या ठळक राहतात, पण मापं एकाच पटीवर खरी, बहुधा सर्वांत वरच्या. वारा रेघांवर धरणार असाल तर पहिला घ्या, चार पटीवर रेघा दिसतात का ते दुकानाच्या दाराबाहेर, संध्याकाळी बघून.

बसवताना काय बिघडतं

चांगला स्कोप वाईट बसवलेला, हा सर्वांत नेहमीचा आजार. स्कोपला रायफलवर धरून ठेवणाऱ्या कड्यांचे स्क्रू साध्या पान्यानं ‘हाताला लागेल तेवढे’ आवळतात. मग एकतर नळकांडं दबून आतली यंत्रणा अडखळते, किंवा धक्क्यासरशी स्कोप पुढे घसरतो. जोर मोजणारा पाना घ्या आणि बनवणाऱ्यानं दिलेला आकडा पाळा. कड्यांच्या वरच्या टोपणांना बहुधा दोन न्यूटन-मीटरच्या आसपास असतो.

डोळा आणि मागची काच यांत आठ-नऊ सेंटिमीटर हवेत. हे अंतर जास्तीत जास्त मोठेपणावर, पोटावर झोपून जुळवा, उभ्यानं नव्हे. झोपल्यावर मान पुढे जाते, आणि मॅग्नम रायफल भुवईवर चंद्रकोर काढते. जाळीची उभी रेघ ओळंब्याच्या दोरीशी जुळवा. पाच अंश तिरकी धरलेली रायफल पाचशे यार्डांवर १३ सेंटिमीटर बाजूला मारते.

शेवटी वेग स्वतः मोजा. डब्यावरचा वेग बहुधा २४ इंची नळीचा असतो. तुमची २२ इंची असेल तर कमीच येणार. सेकंदाला ३० मीटरचा फरक पाचशेवर गोळी सात सेंटिमीटर खाली नेतो.

“मग संगणकवाला स्कोपच का घेऊ नये?”

अंतर मोजून आपोआप नेमाचा ठिपका दाखवणारे स्कोप आहेत. पण शिकारीत त्यांच्यावर राज्याराज्यांत बंधनं आहेत. आयडाहोत रायफलला किंवा स्कोपला इलेक्ट्रॉनिक उपकरण लावून मोठ्या जनावराची शिकार चालत नाही. घेण्याआधी त्या वर्षीची नियमपुस्तिका वाचा. आणि वारा त्यालाही कळत नाही.

“एवढ्या लांबून मारणं, ही शिकार म्हणायची का?”

हा वाद तिकडेही जोरात आहे. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ साली काढलेला बून अँड क्रॉकेट क्लब ‘फेअर चेस’ म्हणजे जनावराला निसटायची खरी संधी देणारी शिकार मानतो, आणि लांब पल्ल्याच्या गोळीबाराबद्दल त्यानं उघड नाराजी नोंदवली आहे. आमचा आक्षेप त्याहून साधा, वेळेचा आहे. चालत असलेला एल्क सेकंदाला सव्वा मीटर सहज जातो. गोळीचा प्रवास ०.५६ सेकंद. तुम्ही चाप ओढल्यावर त्यानं एक पाऊल टाकलं तर तो सत्तर सेंटिमीटर पुढे असतो, आणि गोळी फुप्फुसांऐवजी पोटात. ही चूक कोणतीही रायफल, कोणताही स्कोप सुधारू शकत नाही. म्हणून चरत, सरकत असलेल्या एल्कवर तीनशेच्या पुढे गोळी नको.

तुमचं स्वतःचं अंतर शोधायची रीत : २५ सेंटिमीटरची लोखंडी थाळी, टेबल नाही, पाठपिशवीवर टेकवलेली रायफल, थंड नळी, आणि पहिलीच गोळी. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वाऱ्यात दहा वेळा. नऊ लागल्या ते तुमचं अंतर. बहुतेकांचं तीनशेच्या आसपास निघतं आणि चेहरे पडतात. काडतुसं महाग आहेत, मॅग्नमचं एकेक तीन-चार डॉलरला पडतं. म्हणूनच रायफल आणि स्कोपचं बजेट ठरवताना दोनशे काडतुसांचे पैसे आधी बाजूला काढा.

“आपण व्हिसावर आहोत, चालेल का?”

इथे चूक महागात पडते. एच-१बी, एफ-१ अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं बंदूक किंवा काडतुसं बाळगायला मनाई आहे. मोजक्या अपवादांपैकी एक म्हणजे कोणत्याही राज्याचा वैध शिकार परवाना. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपला. ‘बाळगणं’ म्हणजे फक्त मालकी नव्हे, मित्राची रायफल हातात घेणंही त्यात येऊ शकतं. ग्रीनकार्डवाल्यांना ही मनाई नाही. राज्यांचे नियम वेगळे असतात, त्यामुळे आधी वकिलाशी बोला. १ जानेवारी १९४९ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला कोलोरॅडोचा परवाना घेण्याआधी शिकार-सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो, आणि रायफल हंगामात अंगावर ५०० चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी कापड व डोक्यावर त्याच रंगाची टोपी सक्तीची.

गोळी लागल्यानंतर

पाचशे यार्ड दरीपलीकडे म्हणजे पायवाटेनं तासभर, कधी जास्त. तिथे पोचल्यावर सगळी झुडपं एकसारखी दिसतात आणि जनावर होतं ते झुडूप सापडत नाही. म्हणून जागेवरून उठण्याआधी स्कोपमधून दिसणारी खूण ठरवा, मोबाईलवर फोटो काढा, अंतरमापकानं दिशा आणि अंतर टिपून घ्या. एल्क पडला असला तरी अर्धा तास थांबा. मग सोबत्याला तिथेच, रायफलीपाशी नव्हे तर दुर्बिणीपाशी बसवून ठेवा. तो हातानं खुणा करत तुम्हाला डावी-उजवीकडे वळवेल. पुढे मांस काढून पाठीवर वाहायचं असतं, एकेक मागचा पाय तीस किलोंच्या आसपास, म्हणजे दोघांना दोन-तीन खेपा, आणि दरी दर खेपेला तेवढीच खोल.